न्हाणीचा दगड ते टाइल्स : धाराशिवच्या पाण्याची आणि एका फरशीची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली काही पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

मागच्या काही भागांत आपण किल्ले, तह, सनावळ्या असं बरंच मोठं मोठं बोललो. आजचा विषय छोटा आहे. चार फूट बाय सहा फूट, एवढाच. आमच्या गावाकडच्या घरातली बाथरूमची फरशी.

हसू नका. या फरशीनं मला आपल्या जिल्ह्याचा जेवढा इतिहास शिकवला, तेवढा शाळेतल्या पुस्तकानं शिकवला नव्हता.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सणावाराला गावी जातो. मागच्या दिवाळीत गेलो तर बाथरूमच्या कोपऱ्यातल्या दोन टाइल्स पायाखाली हलत होत्या. म्हटलं, सांध्यात व्हाइट सिमेंट भरू, दोन टाइल्स नव्या बसवू, अर्ध्या दिवसाचं काम. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "फरशीचं मला सांगू नको. आधी माझ्या खोलीची भिंत बघ."

तिची खोली बाथरूमला लागून. मधली भिंत जुनी, दोन फूट जाडीची, दगड-मातीची. खालून साधारण गुडघ्यापर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले, आणि एका ठिकाणी प्लास्टर किंचित फुगलेलं. आजीनं पलंग त्या भिंतीपासून ओढून दाराजवळ नेला होता. कोणाला काही न सांगता.

भिंतीपासून पलंग लांब का, हे लोहारा-उमरग्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखे नंतर जन्मलेले, म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं थकून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांनीही तेवढंच सोसलं. हजारो माणसं गेली. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

ही माणसं जमिनीच्या हादऱ्यानं गेली असं आपण म्हणतो. खरं तर ती घराखाली सापडून गेली. आपल्याकडच्या जुन्या भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण आत काय असतं? बाहेरच्या बाजूनं दगडांचा एक थर, आतल्या बाजूनं दुसरा, आणि मध्ये छोटे दगड आणि माती. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड बऱ्याच भिंतींत नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. दगडांना धरून ठेवणारी गोष्ट एकच, माती. आणि माती ओली झाली की तिची पकड जाते.

आता कळलं ना आजी काय म्हणत होती ते? मला टाइल दिसत होती. तिला भिंतीचं पोट दिसत होतं.

पाणी मुरलं कुठून?

माझ्या कामात एक नियम आहे. आधी बग कुठे आहे ते शोधायचं, मगच कोडला हात लावायचा. तो इथं वापरला. रात्री टाकीचा कॉक बंद केला, बाथरूमच्या नळाच्या पाइपात पाणी भरलेलं ठेवून सगळे नळ घट्ट लावले, आणि सकाळी आधी नळ सोडून पाहिला. पाणी होतं तसं जोरात आलं. म्हणजे पाइप बरा आहे. मग गावातल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी काय केलं? खिशातून काही काढलं नाही, हातोडीचा लाकडी दांडा उलटा धरला आणि एकेक टाइल ठोकत गेले. घट्ट बसलेली टाइल टणटण वाजते, खालून पोकळ झालेली बद्द वाजते. दोन टाइल्स हलत होत्या, पण बद्द वाजल्या अकरा. सगळ्या भिंतीच्या बाजूच्या.

नंतर त्यांनी बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवली आणि त्या सांध्यांवर ओतली. दुसऱ्या दिवशी आजीच्या खोलीत भिंतीच्या बुडाशी फिकट निळा डाग. निदान झालं.

पण सांधे गेले कशानं? इथं इतिहास सुरू होतो.

आमच्या जुन्या घरात बाथरूम नव्हतं, न्हाणी होती. परसात, घराच्या भिंतीपासून सुटी. एक मोठा सपाट दगड, बाजूला बंब आणि घंगाळं, कमरेएवढा आडोसा, आणि मोरीतून पाणी सरळ अळूच्या नाहीतर केळीच्या बुडाला. माणशी बादलीभर पाणी. तेही आडातून शेंदून आणलेलं, त्यामुळे कोणी सांडत नसे. न्हाणीच्या दगडाखाली पाणी गेलं तर? दगड पहारीनं उचलायचा, खाली मुरूम टाकून ठोकायचा, दगड परत ठेवायचा. झाली दुरुस्ती. आणि हा न्हाणी शब्द इतका पक्का की सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली परसातली न्हाणी अशी देशभराच्या प्लंबिंगमध्ये जाऊन बसली.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि त्यानंतर महाराष्ट्रभर बोअर खणण्याचा सपाटा सुरू झाला. आड आटले, पाणी खोलातून येऊ लागलं. मोटर आली, छतावर टाकी आली, नळ आला. नळ आला तशी न्हाणी परसातून उठून घरात आली आणि जुन्या भिंतीला चिकटली. घरातल्या बायकांसाठी ही फार मोठी सोय होती, अंधारात परसात जाणं सुटलं, त्यामुळे जुनं तेच चांगलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण जी गोष्ट पाणी सांडण्यासाठीच असते ती आपण मातीच्या भिंतीला टेकवली, हे खरं.

बोअरचं पाणी जड. फरशीवर, नळावर पांढरे थर धरतं. ते घालवायला आमच्याकडे दर रविवारी बाथरूममध्ये ॲसिड टाकायचे. दिसायला लख्ख. पण रसायनशास्त्र आठवा. तो पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडलं की फसफसून विरघळतो. आणि टाइलच्या सांध्यातलं सिमेंट? तेही चुन्यापासूनच बनलेलं. ॲसिड दोघांत फरक करत नाही. दहा वर्षं रविवारमागून रविवार आम्ही आमच्याच हातानं सांधे खात होतो. शहाबादी फरशीवर तर ॲसिड कधीच टाकू नये, कारण ती मुळातच चुनखडी.

जरा गंमत बघा. आपला मराठवाडा असा की २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि तिथंच आमची भिंत पाण्यानं खराब होते. पाणी कमी असल्यानं खोल जावं लागलं, खोल गेल्यानं जड पाणी आलं, जड पाण्यामुळे ॲसिड आलं. साखळी अशी आहे.

चुना, शहाबादी आणि सिमेंट

शहाबादी फरशीचं नाव निघालं म्हणून सांगतो. शहाबाद हे गाव आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. आपला जिल्हा आणि ते गाव दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबईहून सोलापूर, कलबुर्गी, शहाबाद, वाडी करत जाणारी रेल्वे १८७१ साली रायचूरला मद्रासच्या लाइनीला मिळाली आणि ही फरशी दूरवर जायचा रस्ता मोकळा झाला. खाणीतूनच थराथरानं सपाट निघणारा दगड, घासायची फारशी गरज नाही. आपल्या आजोबांच्या पिढीचं ओटा, मोरी, ओसरी सगळं शहाबादीचं. पुढे त्याच पट्ट्यातल्या चुनखडीवर शहाबादला, वाडीला सिमेंटचे कारखाने उभे राहिले. म्हणजे पायाखालची फरशी आणि तिला चिकटवणारं सिमेंट, दोन्ही एकाच खडकाची लेकरं.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिननं १८२४ साली घेतलं. त्याआधीची आपली मोठी बांधकामं चुन्यात. चुना भिजवायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा, पाण्याचं काम असेल तर भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, मिसळायची. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. शिवाय चुन्याचा एक गुण सिमेंटमध्ये नाही. तो आतली ओल हळूहळू बाहेर जाऊ देतो.

भूकंपानंतर लोकांनी काय केलं? घाबरून मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर केलं, 'पक्कं' घर म्हणून. आमच्याकडेही तेच झालं. आता बाथरूमच्या बाजूनं टाइल, खोलीच्या बाजूनं सिमेंट, आणि मध्ये आत गेलेलं पाणी. त्याला निघायला जागाच नाही. मातीचा चिखल होणारच.

नळदुर्गला काय दिसलं

निदान झालं आणि काम सुरू व्हायच्या मध्ये दोन दिवस होते. मी बाइक काढून नळदुर्गला गेलो. लहानपणी सहलीला गेलो होतो, तेव्हा पाणीमहाल म्हणजे फोटो काढायची जागा. या वेळी वेगळ्या डोळ्यांनी बघितलं.

बोरी नदीवर हा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की पाणी वरच्या दोन वाटांनी खाली कोसळतं, त्यांनाच आपण नर आणि मादी धबधबा म्हणतो. एका बाजूला भरलेली नदी, पुढ्यात कोसळणारं पाणी, आणि मधल्या खोलीत माणूस बसू शकतो. चारशे वर्षं झाली.

हे कसं जमलं? दगड जाड, चुना चांगला, हे आहेच. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळं. बांधणाऱ्यानं नदीला वर येऊच देणार नाही असा हट्ट धरला नाही. पाणी जास्त होणार, हे धरूनच त्यानं ते कुठून जाईल ते आधी ठरवलं. वाट दिली आणि मग त्या वाटेच्या बाजूला महाल ठेवला. आमच्या बाथरूममध्ये याच्या उलटं होतं. जाळी दाराजवळ, उतार मात्र भिंतीकडे. पाणी जाळीकडे जायचंच नाही, ते वायपरनं ढकलावं लागायचं. आम्हाला वाटायचं वायपर वापरणं हीच स्वच्छता.

आपल्याच जिल्ह्यात परंड्याच्या किल्ल्यात हमामखाना आहे. म्हणजे राजेशाही बाथरूम म्हणा. तिथंही सगळा खेळ पाणी येतं कुठून आणि जातं कुठून याचाच.

हत्यारं कोणती?

आता कामाचं. मी पुण्याहून येतानाच उत्साहात एक ब्रेकर मशीन भाड्यानं ठरवलं होतं. तासाभरात फरशी मोकळी. मिस्त्रीकाकांनी मशीन बघितलं आणि म्हणाले, "हे दाराकडच्या बाजूला चालव. भिंतीपासून दीड हात आत आणायचं नाही."

कारण विचारलं तर कळलं की भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गावोगावच्या गवंड्यांना भिंती मजबूत करण्याचं शिक्षण दिलं होतं, त्यात ते विशीचे असताना होते. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या त्या कार्यक्रमात घरं नुसती नवीन बांधली नाहीत, उभी राहिलेली घरं दुरुस्तही केली. तिथं शिकलेली पहिली गोष्ट ते अजून पाळतात. दगड-मातीच्या भिंतीवर घाव घालायचा नाही. दगड काढायचा असेल तर सळईनं आजूबाजूची माती उकरायची, दगड हलवत हलवत सैल करायचा आणि हातानं ओढायचा. घाव घातला की जो दगड काढायचाय तो निघतो, पण शेजारचे दहा सुटतात.

तेव्हा मला आपल्या धाराशिव लेण्यांची गोष्ट आठवली. कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ' नावाचं अपभ्रंश भाषेतलं जुनं काव्य आहे, साधारण अकराव्या शतकातलं. त्यात राजा करकंड तेरापूरला, म्हणजे आपल्या तेरला येतो. जवळच्या लेण्यात त्याला पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या आसनावर एक गाठ दिसते. शोभेला बरी नाही, काढा म्हणतो. जुना कारागीर सांगतो, तिच्यामागे पाण्याचा झरा आहे, तो बंद करायला ती ठेवलीय. राजा ऐकत नाही. गाठ फोडतात आणि पाणी उसळून लेणं भरून जातं. राजाला पश्चात्ताप होतो, आणि मग तो वर नवी लेणी करवतो. काव्य आहे, त्यातला चमत्कार बाजूला ठेवा. पण हजार वर्षांपूर्वीच्या कवीला माहीत होतं की फोडायच्या आधी जुन्या कारागिराला विचारावं. ब्रेकर मशीन भाड्यानं आणणारा राजा मीच होतो.

तर आमच्या कामाला लागलेली हत्यारं अशी.

भिंतीजवळ छन्नी आणि एक किलोची हातोडी. छन्नी टाइलखाली आडवी धरायची, उभी नाही, म्हणजे घाव भिंतीकडे न जाता फरशीला समांतर जातो. ग्राइंडर फक्त सांधा कापायला, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. दाराकडच्या बाजूला ब्रेकर. सिमेंट कालवायला घमेलं आणि फावडं, लावायला थापी, सपाट करायला लाकडी रंधा, वरून घोटायला गुरमाळा. भिंतीसाठी ओळंबा, कोपऱ्यासाठी गुण्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेव्हलची नळी. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, आत पाणी, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन टोकांचं पाणी नेहमी एका पातळीत. मी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप दाखवलं, काका हसले. मोबाइल फुटभर जागेचं सांगतो, नळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचं सांगते. ज्या पाण्यानं घर बिघडवलं त्याच पाण्यानं ते मोजायचं.

काम कसं झालं

टाइल्स काढल्या. खाली भरलेला मुरूम चिखल झालेला, आणि एका कोपऱ्यात चक्क काळी माती. कोणीतरी कधीतरी मुरूम कमी पडला म्हणून शेतातली माती भरली असणार. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात. तिच्यावरची फरशी स्थिर राहूच शकत नाही. ती सगळी उपसली.

मग तीन आठवडे काहीच केलं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, घरात सगळ्यांचं नातेवाइकांकडे अंघोळीला जाणं चालू. पण भिंत वाळल्याशिवाय पुढचं काम म्हणजे ओल आत कोंडणं. आजीच्या खोलीतलं खालचं सिमेंट प्लास्टर काढून टाकलं. फुगलेल्या जागी भिंतीत दोन ठिकाणी दगड हलवून काढले, आरपार भोक झालं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरलं. आता तिथं दोन्ही थर एकमेकांना धरून आहेत. त्यावर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा.

फरशीखाली नवा मुरूम, थराथरानं ठोकून. त्यावर काँक्रीट, मग वॉटरप्रूफिंगचा थर, तो भिंतीवर फूटभर चढवलेला, कारण पाणी कोपऱ्यातूनच आत जातं. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतारासाठी. उतार मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर, सगळीकडून जाळीकडे. जाळीची जागाही भिंतीपासून लांब नेली. टाइल बसवण्याआधी जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. आजी दर तासाला आपल्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून बघत होती. कोरडी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाळी उघडली. पाणी गोल फिरत निघून गेलं, वायपर न लावता. सगळे उभे राहून बघत होतो, जसं काही नर-मादी धबधबाच आहे.

टाइल्स खरखरीत घेतल्या, आजी घसरू नये म्हणून. आणि ॲसिडची बाटली घरातून गेली. पांढरा थर आला तर व्हिनेगर पाण्यात पातळ करून कपड्यानं पुसायचा, सांध्यावर साठू द्यायचं नाही, लगेच धुवायचं.

जुन्या न्हाणीचा दगड अजून परसात आहे, कपडे आपटायला वापरतात. मोठ्या इतिहासात अशा दगडांना जागा नसते. पण आपल्या जिल्ह्यात हजारो घरं अशी असतील. दगड-मातीची भिंत, तिला चिकटलेलं बाथरूम, रविवारचं ॲसिड. या भागाचं काम एवढंच की तुम्ही आज घरी जाऊन टाइलवर लाकडी दांडा ठोकून बघा. बद्द वाजलं तर मागची भिंत बघा. आणि भिंत मातीची असेल तर मशीन लावायच्या आधी गावातल्या जुन्या गवंड्याला विचारा. १९९३ नंतर शिकलेली ती माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना जे येतं ते कुठं लिहिलेलं असेलच असं नाही.

मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा आजीला विचारलं, पलंग कुठे आहे. म्हणाली, "दारापाशीच. पण आता सवय म्हणून."

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडच्या न्हाणीच्या, चुन्याच्या घाणीच्या आठवणी असतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा आणि रेकॉर्ड करून ठेवा. नमस्कार.